लाल मोजे आणि उघड पगार : सिनसिनाटी शहरात बेसबॉलचा व्यवसाय कसा झाला

२०२८ साली लॉस एंजेलिस येथे होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ असणार आहेत. त्याआधी, २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात, मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकली आणि पाकिस्तानचा पराभव झाला, तेव्हा आपल्याकडे अनेकांना एक जुना प्रश्न नव्याने पडला. इंग्रजी बोलणाऱ्या, इंग्लंडहून गेलेल्या लोकांनी वसवलेल्या या देशात क्रिकेट का रुजले नाही, आणि बेसबॉल तेथे एवढा मोठा कसा झाला?

याचे नेहमीचे उत्तर असे दिले जाते की अमेरिकन माणसाला धीर नाही, त्याला झटपट निकाल लागतो. हे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण पुरे पडत नाही. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातला क्रिकेट सामना १८४४ मध्ये न्यूयॉर्कला झाला होता, आणि दोन देशांमधला पहिला क्रिकेट सामना म्हणून तोच ओळखला जातो. म्हणजे क्रिकेट तेथे होते, लोक ते खेळत होते आणि पाहतही होते. बेसबॉल पुढे निघून गेला याला खेळाच्या स्वभावाइतकीच खेळाची व्यवस्था कारणीभूत आहे, आणि ती व्यवस्था कशी घडली हे समजून घ्यायचे असेल तर ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी या एका शहराची गोष्ट पुष्कळ उपयोगी पडते. बेसबॉल या शहरात जन्मला नाही, खेळाडूंना पहिल्यांदा पैसे मिळाले तेही येथे नाही. येथे घडले ते एवढेच, की सगळ्या संघाला पगार दिला जातो हे एका क्लबने लपवायचे सोडून दिले.

आधी खेळ, अगदी थोडक्यात

क्रिकेट जाणणाऱ्या माणसाला बेसबॉल समजायला फार वेळ लागत नाही. मैदानाचा मुख्य भाग म्हणजे टोकावर उभा केलेला एक चौरस. त्याच्या चार कोपऱ्यांना ‘बेस’ म्हणतात आणि दोन बेसमधले अंतर नव्वद फूट असते. चेंडू टाकणारा तो पिचर. फलंदाजाने चेंडू मारून चारही कोपऱ्यांची फेरी पूर्ण केली की एक धाव होते. तीन गडी बाद झाले की डाव बदलतो, आणि प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात. संघात खेळाडूही नऊच.

ज्या काळाबद्दल आपण बोलतो आहोत त्या काळात मात्र खेळाचे रूप काहीसे वेगळे होते. पिचरला चेंडू हात खालून फिरवून टाकावा लागे आणि तो फलंदाजापासून अवघ्या पंचेचाळीस फुटांवर उभा असे. क्षेत्ररक्षकांच्या हातात मोजे नसत. चेंडू उघड्या पंजाने झेलायचा, बोटे मोडली तर मोडली. त्यामुळे धावा भरमसाट होत. पुढे काही धावसंख्या येतील त्या वाचून हा क्रिकेटचाच फलक आहे असा भास होईल, म्हणून हे आधीच सांगून ठेवले.

मग हा खेळ जन्मला कोठे?

अमेरिकेत बराच काळ असे शिकवले गेले की अॅबनर डबलडे या सेनाधिकाऱ्याने १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन गावी बेसबॉलचा शोध लावला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमलेल्या एका समितीने तसा निर्वाळा दिला आणि त्या आधारावर १९३९ मध्ये त्या गावात खेळाचे मोठे स्मारक-संग्रहालयही उघडले. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच निकालात काढली आहे. आपल्या विटीदांडूचा किंवा लगोरीचा जसा कोणी एक जनक सांगता येत नाही, तसाच बेसबॉलचाही सांगता येत नाही. इंग्लंडमधून आलेल्या चेंडूफळीच्या अनेक पोरखेळांमधून तो हळूहळू घडला.

सांगता येते ते नियम केव्हा लिहिले गेले हे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये आपले नियम कागदावर उतरवले. १८५७ मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या क्लबांनी परिषद भरवून नऊ डाव, नऊ खेळाडू आणि नव्वद फूट ही मोजमापे पक्की केली, आणि त्यातूनच बेसबॉल खेळाडूंची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात छावण्यांमधून हा खेळ सैनिकांच्या हाती गेला आणि युद्ध संपल्यावर त्यांच्याबरोबर गावोगावी पोहोचला. सिनसिनाटीतही तो जोमाने वाढला तो याच सुमारास.

डुकरांच्या बाजारपेठेचे शहर

सिनसिनाटी हे त्या वेळी पश्चिमेकडचे मोठे व्यापारी शहर होते. १८७० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या दोन लाख सोळा हजारांवर भरली. डुकरे कापून त्यांचे मांस खारवण्याचा धंदा तेथे इतका मोठा होता की लोक त्या शहराला चेष्टेने ‘पोर्कोपोलिस’, म्हणजे वराहनगरी, म्हणत. शहरातल्या प्रतिष्ठितांना मात्र ‘पश्चिमेची राणी’ हे बिरुद प्रिय होते. न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया या पूर्वेकडच्या जुन्या शहरांनी आपल्याला खाटकांची वस्ती समजू नये, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. पुढे जे घडले त्याच्या मुळाशी ही इच्छा आहे, असे मला वाटते.

१८६६ मध्ये शहरातल्या काही तरुण वकिलांनी आणि व्यापाऱ्यांनी सिनसिनाटी बेसबॉल क्लब स्थापन केला. त्यांनी खेळण्यासाठी युनियन क्रिकेट क्लबशी संधान बांधले आणि लवकरच दोन्ही क्लब एकच मैदान वापरू लागले. या क्रिकेट क्लबने पगार देऊन एक प्रशिक्षक आणला होता. त्याचे नाव हॅरी राइट.

हॅरी राइट हा या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस. तो १८३५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे जन्मला. त्याचे वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात पगारी क्रिकेटपटू होते, आणि हॅरीही त्याच परंपरेत वाढला. सिनसिनाटीला तो आला तो क्रिकेट शिकवायला, वर्षाला बाराशे डॉलरवर. बेसबॉल तो न्यूयॉर्कमध्ये निकरबॉकर क्लबकडून आधीच खेळला होता. सिनसिनाटीत लोक बेसबॉलकडे वळत आहेत हे त्याने पाहिले आणि १८६७ मध्ये त्याच पगारावर तो बेसबॉल क्लबाच्या नोकरीत आला. अमेरिकेत क्रिकेट मागे पडून बेसबॉल पुढे गेला ही जी मोठी घडामोड आपण म्हणतो, ती या एका माणसाच्या आयुष्यात नोकरी बदलण्याइतकी साधी होती.

क्रिकेटमधून त्याने आणले ते धंद्याचे शिस्तशीर वळण. रोजचा सराव, प्रत्येकाची ठरलेली जागा, एकाच्या हातून चेंडू सुटला तर दुसऱ्याने मागे उभे राहून तो अडवायचा. आज हे सांगण्यासारखे वाटत नाही, पण संध्याकाळी दुकान बंद करून खेळायला येणाऱ्या मंडळींना ते नवे होते.

‘हौशी’ या शब्दात काय दडले होते?

येथे एक संज्ञा नीट समजून घ्यायला हवी. हौशी खेळाडू म्हणजे खेळण्याचे पैसे न घेणारा, आणि व्यावसायिक म्हणजे घेणारा. राष्ट्रीय संघटनेने १८५९ मध्ये नियमच केला होता की खेळाडूला मोबदला देता येणार नाही. खेळ हा सभ्य गृहस्थांनी मोकळ्या वेळात करायचा व्यायाम आहे, ही त्यामागची कल्पना. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये हाच भेद ‘जंटलमेन’ आणि ‘प्लेयर्स’ या नावांनी १९६२ पर्यंत टिकला.

नियम होता, पण चुरस वाढली तसे क्लब तो वाकवू लागले. ब्रुकलिनच्या एक्सेलसियर क्लबाचा जिम क्रेटन हा पिचर १८६० मध्ये गुपचूप पैसे घेत होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वॉशिंग्टनच्या नॅशनल्स क्लबाने आणखी सोपा मार्ग काढला. त्यांचे बरेच खेळाडू सरकारी खात्यात कारकून म्हणून नोंदलेले होते. हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज राइट हाही त्यांत होता, आणि त्याच्या कामाच्या ठिकाणाचा म्हणून जो पत्ता दिला होता तेथे प्रत्यक्षात एक सार्वजनिक बाग होती.

मुंबईच्या वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही. टाइम्स शील्ड स्पर्धेत खेळणाऱ्या बँकांनी आणि गिरण्या-कंपन्यांनी क्रिकेटपटूंना नोकऱ्या देणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि तिच्यामुळे अनेक चांगल्या खेळाडूंची चूल पेटती राहिली. फरक एवढाच की आपल्याकडे ती उघड आणि मान्य रीत होती, तर तेथे नियमाला बगल देण्यासाठी ती वापरली जात होती.

हे नॅशनल्स १८६७ च्या जुलैमध्ये पश्चिमेच्या दौऱ्यावर निघाले आणि सिनसिनाटीला आले. निकाल लागला ५३ विरुद्ध १०. धाकट्या भावाच्या संघाने थोरल्या भावाच्या संघाला त्याच्याच मैदानावर धुऊन काढले. पूर्वेकडच्यांसमोर मान ताठ ठेवू पाहणाऱ्या शहराला हे झोंबणे स्वाभाविक होते. त्यात शहरातलाच बकआय हा प्रतिस्पर्धी क्लबही बाहेरून खेळाडू आणू लागला. १८६८ मध्ये सिनसिनाटी क्लबानेही काही खेळाडू पैसे देऊन बोलावले. गावच्या कबड्डी स्पर्धेत शेजारच्या आळीने बाहेरून दोन चढाईपटू आणले की आपणही चार आणायचे, तसाच हा प्रकार होता.

१८६९ : पगारपत्रक

राष्ट्रीय संघटनेने अखेर हात टेकले आणि १८६९ च्या हंगामापासून क्लबांना उघडपणे व्यावसायिक होण्याची मुभा दिली. अनेक क्लबांनी ती घेतली. पण सिनसिनाटीचे अध्यक्ष अॅरन चॅम्पियन या वकिलाने आणि हॅरी राइटने जे केले ते अधिक स्वच्छ होते. त्यांनी मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत अशा आठ महिन्यांसाठी सर्वच्या सर्व खेळाडू ठरावीक पगारावर बांधून घेतले.

सामान्यतः दिले जाणारे आकडे असे आहेत. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली अवघड जागा सांभाळणारा, जॉर्ज राइट याला १,४०० डॉलर. होय, तोच धाकटा भाऊ. ज्याने धुऊन काढले त्यालाच घरी आणले. हॅरीला १,२००, पिचर एसा ब्रेनार्डला १,१००, फ्रेड वॉटरमनला १,०००, पाच जणांना प्रत्येकी ८०० आणि राखीव खेळाडूला ६००. एकूण ९,३०० डॉलर. हॅरी राइट हा कर्णधार, प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि मधल्या मैदानाचा क्षेत्ररक्षक अशी चार कामे करत होता आणि तरी त्याचा पगार भावापेक्षा कमी होता, हे मला या कागदातले सर्वांत बोलके कलम वाटते. उत्तम खेळणाऱ्याची बाजारात किंमत असते, आणि ती नात्यागोत्यावर किंवा वयाच्या मानावर ठरत नाही, हे त्यातून उघड होते.

हे लोक कोण होते? कोणी घड्याळ-दागिन्यांच्या कामातला, कोणी टोप्या बनवणारा, कोणी संगमरवर कापणारा, कोणी पियानो घडवणारा, कोणी हिशेबनीस. मोकळा वेळ असलेले सभ्य गृहस्थ यांत फारसे नव्हते. पैसे दिले जात नाहीत तोवर खेळ ज्यांना परवडतो त्यांचाच राहतो. पगार आला तशी कारागिराच्या मुलाला मैदानाची वाट मोकळी झाली.

त्यांचा गणवेशही वेगळा होता. तोवर बेसबॉलपटू लांब विजारी घालत. सिनसिनाटीने गुडघ्यापर्यंतची तुमान आणि तिच्याखाली लालभडक लोकरी मोजे घातले. वर्तमानपत्रांनी संघाला ‘रेड स्टॉकिंग्ज’, म्हणजे लाल मोजेवाले, म्हणायला सुरुवात केली आणि क्लबाचे खरे नाव मागे पडले.

एक हंगाम, एकही पराभव नाही

१८६९ च्या उन्हाळ्यात हा संघ पूर्वेच्या दौऱ्यावर गेला. १५ जूनला ब्रुकलिन येथे न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स या बलाढ्य क्लबाशी सामना झाला आणि तो लाल मोजेवाल्यांनी ४ विरुद्ध २ असा जिंकला. पन्नास-साठ धावांच्या त्या काळात एवढी कमी धावसंख्या म्हणजे क्षेत्ररक्षणाचा कळस होता, आणि जाणकारांनी सामन्याची वाखाणणी केली ती त्यासाठीच. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी संघाची भेट घेतली. १ जुलैला संघ परतला तेव्हा शहर रस्त्यावर उतरले होते. एका लाकूड कंपनीने त्यांना सत्तावीस फूट लांबीची बॅट भेट दिली. अध्यक्ष चॅम्पियन यांनी तर भाषणात सांगून टाकले की राष्ट्राध्यक्ष ग्रँट होण्यापेक्षा मला या क्लबाचा अध्यक्ष असणे अधिक आवडेल.

त्याच वर्षी १० मे रोजी अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला होता. सप्टेंबरमध्ये संघ त्या मार्गाने थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळून आला. रेल्वे नसती तर हा संघ आपल्या पंचक्रोशीतच जिंकत राहिला असता. देशव्यापी खेळ ही कल्पना रुळांवरूनच आली. हंगामाअखेर संघटनेच्या क्लबांविरुद्ध सत्तावन्न विजय आणि शून्य पराभव अशी नोंद झाली.

त्या नोंदीत एक खोच आहे. ऑगस्टमध्ये ट्रॉय शहराच्या हेमेकर्स क्लबाशी खेळताना १७-१७ अशी बरोबरी असताना एका निर्णयावर वाद घालून हेमेकर्स मैदान सोडून गेले. त्यांच्यावर जुगाऱ्यांनी मोठ्या पैजा लावल्या होत्या आणि सामना अपुरा राहिला की पैजा बुडत नव्हत्या, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला. पंचाने विजय सिनसिनाटीला दिला, तरी हा सामना बरोबरीत धरावा की विजयात, यावर आजही मतभेद आहेत. मैदानावर पैसा उघडपणे आला तसा त्याच्या मागे सट्टाही आला, असे म्हणायचा मोह होतो. पण सट्टा आधीपासून होताच.

आणि नफा? वर्षभराची जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट, खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक १ डॉलर ३९ सेंट.

‘पहिला व्यावसायिक संघ’ हा दावा फुगवलेला नाही का?

काही अंशी आहे. पैसे घेणारे खेळाडू आधी होते, १८६९ मध्ये व्यावसायिक म्हणवून घेणारे दुसरे क्लबही होते, आणि त्यांतले काही तिकिटांच्या उत्पन्नाचा हिस्सा खेळाडूंना देत. सिनसिनाटीचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे: संपूर्ण संघ ठरलेल्या पगारावर होता, आणि ते लपवलेले नव्हते. तमाशाच्या फडात कोणाला बिदागी, कोणाला वाटा, कोणाला नुसते जेवण असे चालत असताना एखाद्या फडमालकाने सगळ्यांना महिन्याचा पगार लावून वही उघडी ठेवावी, तसे हे झाले. पहिला कोण या वादापेक्षा, त्या वर्षी देशभर फिरून जिंकलेल्या संघामुळे इतर शहरांना हाच मार्ग फायद्याचा दिसला, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

खेळाडू बाहेरचे, मग संघ शहराचा कसा?

हा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता, आणि आयपीएल पाहणाऱ्या मराठी वाचकालाही तो परिचित आहे. त्या दहा जणांत मूळचा सिनसिनाटीचा असा एकच होता, पहिल्या बेसवरचा चार्ली गूल्ड. बाकीचे बहुतेक पूर्वेकडचे, एक इंडियानापोलिसचा. तरीही १ जुलैला शहर ज्यांच्यासाठी लोटले ते हेच परके लोक होते.

याचे कारण शोधायला फार खोल जायला नको. प्रेक्षक खेळाडूचा जन्मदाखला पाहत नाही, तो कोणाच्या नावाने जिंकतो हे पाहतो. वराहनगरी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या गावाचे नाव न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत आदराने छापून आले, आणि ते छापून आणणाऱ्याला आपला म्हणायला लोक तयार झाले. दीडशे वर्षांनंतर वानखेडेवर जे घडते त्याची कूस येथे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

या ‘आपल्या’ची एक कडेकोट सीमा मात्र होती. राष्ट्रीय संघटनेने १८६७ च्या डिसेंबरमध्येच ठरवले होते की ज्या क्लबात कृष्णवर्णीय सदस्य असतील त्याला प्रवेश नाही. फिलाडेल्फियाच्या पिथियन्स या कृष्णवर्णीयांच्या उत्तम क्लबाला त्यामुळे बाहेर राहावे लागले. कारागिराला वाट मोकळी झाली असे वर लिहिले ते गोऱ्या कारागिरापुरतेच खरे आहे. १८८० च्या दशकात थोडे अपवाद घडले, ते दारही लवकरच बंद झाले, आणि जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनकडून मैदानात उतरेपर्यंत १९४७ साल उजाडले.

अकरावा डाव

१४ जून १८७० रोजी ब्रुकलिनमध्ये अटलांटिक क्लबाशी खेळताना नऊ डावांनंतर ५-५ अशी बरोबरी झाली. अटलांटिकचे खेळाडू बरोबरी मान्य करून निघाले होते. ती स्वीकारली असती तर अपराजित राहण्याचा विक्रम चालू राहिला असता, पण नियमाप्रमाणे सामना पुढे चालवावा असा आग्रह सिनसिनाटीने धरला. अकराव्या डावात त्यांनी दोन धावा काढल्या आणि अटलांटिकने तीन. ८ विरुद्ध ७. चॅम्पियन यांनी रात्री घरी तार केली, तिचा आशय असा होता की इतका सुंदर सामना कधी झाला नव्हता. आपण हरलो, पण लाज वाटावी असे काही घडले नाही.

शहराला मात्र ते पुरले नाही. त्या हंगामात आणखी काही सामने हरले आणि गर्दी ओसरली. जिंकण्यासाठी विकत घेतलेला संघ हरू लागला की त्याच्यावरचे प्रेम किती पातळ होते हे दिसते. खेळाडू पगारवाढ मागत होते, शिल्लक आपण पाहिलीच आहे. नोव्हेंबरमध्ये क्लबाने ठरवले की १८७१ साठी पगारी खेळाडू ठेवायचे नाहीत.

हॅरी राइट बॉस्टनला गेला. जाताना भावाला, गूल्डला आणि कॅल मॅकव्हीला घेऊन गेला, आणि ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नावही. १८७१ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या व्यावसायिक साखळीत त्याच्या बॉस्टन संघाने १८७२ ते १८७५ अशी सलग चार अजिंक्यपदे पटकावली. आजचा अटलांटा ब्रेव्ह्ज हा त्याच संघाचा वारस. त्या संघाने पुढे लाल मोजे टाकून दिल्यावर बॉस्टनच्या दुसऱ्या संघाने ते उचलले, आणि तोच आजचा रेड सॉक्स. १८७४ मध्ये हॅरीने आपले बेसबॉलपटू इंग्लंडला नेले, आणि गंमत म्हणजे तेथे ते इंग्रजांशी क्रिकेटही खेळले. त्यांना अकराऐवजी अठरा खेळाडू उतरवण्याची सवलत होती हे खरे, पण ते एकही सामना हरले नाहीत.

रविवार आणि बिअर

१८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली. आजही चालू असलेली ही साखळी क्लबांच्या मालकांनी चालवलेली होती, आणि तिच्या मूळ सदस्यांत सिनसिनाटी होते. पहिल्या वर्षी त्या संघाने नऊ सामने जिंकले आणि छप्पन्न हरले. त्याचा व्यवस्थापक होता परत आलेला चार्ली गूल्ड.

खरे भांडण झाले ते १८८० मध्ये, आणि ते समजण्यासाठी शहरातल्या जर्मन वस्तीकडे पाहायला हवे. सिनसिनाटीत जर्मनीहून आलेल्यांची संख्या इतकी होती की कालव्यापलीकडच्या त्यांच्या भागाला ‘ऱ्हाइनपलीकडे’ असेच नाव पडले होते. आठवडाभर राबून रविवारी बायकामुलांसह बागेत बसून बिअर घेणे हा त्यांच्या दृष्टीने सभ्य कौटुंबिक कार्यक्रम होता. लीगच्या धुरीणांना मात्र रविवार पवित्र होता आणि मैदानावरची बिअर असह्य होती. क्लबाने बिअर विकणे आणि रविवारी मैदान भाड्याने देणे थांबवायला नकार दिला, तेव्हा त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले.

याला उत्तर म्हणून १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये सिनसिनाटीतच बैठक होऊन अमेरिकन असोसिएशन ही प्रतिस्पर्धी साखळी जन्मली. तिकीट पन्नासऐवजी पंचवीस सेंट, रविवारी खेळायला मुभा, बिअरला मुभा. विरोधकांनी तिला ‘बिअर-व्हिस्की लीग’ म्हटले, आणि पहिल्याच वर्षी, १८८२ मध्ये, सिनसिनाटीने तिचे अजिंक्यपद मिळवले. आजचा सिनसिनाटी रेड्स हा संघ या १८८२ च्या संघापासून सुरू होतो, १८६९ च्या नव्हे. १८९० मध्ये तो नॅशनल लीगमध्ये परतला.

पगारी माणूस कोणाच्या मालकीचा?

पगार उघड झाला की खेळाडू जास्त देणाऱ्याकडे जाणार, हे ओघानेच आले. मालकांनी त्यावर १८७९ मध्ये उपाय शोधला. प्रत्येक क्लबाने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि इतर कोणी त्यांना घ्यायचे नाही, असा करार त्यांनी आपसांत केला. पुढे पाचाचे अकरा झाले, मग जवळजवळ सगळेच, आणि हे कलम खेळाडूच्या करारात छापून येऊ लागले. याला राखीव कलम म्हणतात.

आपल्याकडच्या सालगड्याच्या उदाहरणावरून ते पटकन समजेल. गुढीपाडव्याला सालगडी एका शेतकऱ्याकडे वर्षासाठी बांधला जातो. वर्ष भरले की पटले तर राहतो, नाही तर दुसरीकडे जातो. आता तालुक्यातल्या सगळ्या बागायतदारांनी ठरवले की ज्याचा गडी त्याच्याकडेच राहील, वर्ष भरले तरी त्याला दुसऱ्या कोणी ठेवायचे नाही, मात्र मालकाला वाटले तर तो आपला गडी दुसऱ्याला देऊ शकेल. गडी काम सोडू शकतो, पण मग शेतीकामच सोडावे लागेल. बेसबॉलपटूंची स्थिती जवळजवळ शंभर वर्षे हीच होती.

मालकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. सगळे चांगले खेळाडू दोन-तीन श्रीमंत शहरांकडे गेले तर बाकीच्या शहरांत सामना पाहायला कोण येईल, असे ते विचारत, आणि १८७० च्या सिनसिनाटीकडे बोट दाखवता येत होते. पण तोल राखण्याची सगळी किंमत एकट्या खेळाडूने का द्यावी, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. आयपीएलमध्येही राखलेले खेळाडू आणि लिलाव असतात. तेथे निदान कराराची मुदत संपते.

१९६९ मध्ये व्यावसायिक बेसबॉलची शताब्दी साजरी झाली. लाल मोजेवाल्यांच्या हंगामापासून मोजून शंभर वर्षे, म्हणून त्या वर्षी खेळाचे नवे बोधचिन्हही तयार झाले. त्याच वर्षी सेंट लुइसच्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला न विचारता फिलाडेल्फियाकडे देण्यात आले, आणि त्याने जायला नकार दिला. आपण विकत घेण्याची वा विकण्याची वस्तू नाही, असे त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना लिहिले आणि न्यायालयात गेला. फ्लडची मोठ्या संघांतली सुरुवात सिनसिनाटीतच झाली होती. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला. मात्र १९७५ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने राखीव कलमाचा अर्थच मर्यादित केला, आणि करार संपलेल्या खेळाडूला बाजार खुला झाला.

त्याच्या दोनच महिने आधी सिनसिनाटी रेड्सने बॉस्टन रेड सॉक्सला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली होती, आणि १९७६ मध्येही त्यांनी अजिंक्यपद राखले. मग खुल्या बाजाराने तो संघ विस्कटू लागला. १९७८ च्या डिसेंबरमध्ये संघाचा नावाजलेला खेळाडू पीट रोजही जास्त पैशांवर फिलाडेल्फियाला गेला. तो सिनसिनाटीतच जन्मलेला, तेथेच वाढलेला होता. सोळा हंगाम शहराने त्याला आपला पोरगा म्हणून मिरवले होते. १९८४ च्या ऑगस्टमध्ये तो खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही नात्यांनी परत आला, १८७६ मध्ये चार्ली गूल्ड आला होता तसाच.